गाडी निघायच्या आधीची यादी

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यात गावं अर्धी रिकामी होतात. ऊसतोडीसाठी कोयत्याची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतलेली असते, मजुरांना कारखान्यावर नेणाऱ्या मुकादमाचा फोन आला की ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या, सरपण आणि पोरं चढतात. ग्रामसेवक म्हणून (आता हुद्द्याचं नाव ग्रामपंचायत अधिकारी, पण गाव ‘भाऊसाहेब’च म्हणतं) गाडी निघायच्या आदल्या दिवशी माझं मुख्य काम एकच असतं, यादी. 2025 च्या हंगामातला तो दिवस सांगतो, कारण एका घरात सगळ्या योजनांची शिवण कुठे उसवते ते त्या दिवशी दिसलं.

यादी घरी बसून होत नाही. अंगणवाडीताई, आशाताई आणि शाळेचे एक गुरुजी असे आम्ही चौघे सकाळी सहाला निघालो, कारण आठनंतर बाया कापूस वेचायला जातात. रकाने ठरलेले: कुटुंब, कारखाना, मुकादमाचं नाव आणि मोबाईल, मुलांची नावं-वयं, कोण जाणार, कोण राहणार, राहिलं तर कोणाकडे. नंबर मुकादमाचाच घ्यायचा. मजुराचं रिचार्ज संपतं, मुकादमाचं संपत नाही. मुलगा-मुलगी असा वेगळा रकाना आम्ही तीन वर्षांपूर्वी घातला आणि तेव्हा डोळे उघडले. राहणाऱ्यांत मुलगे जास्त, जाणाऱ्यांत आठ ते बारा वर्षांच्या मुली जास्त. आई-बाप ऊस तोडताना खोपीतलं तान्हं कोण सांभाळणार? मोठी बहीण.

साडेसातला आम्ही त्या घरी पोचलो. दोन मुली, एक पाचवीतली, एक वीस महिन्यांची. अंगणवाडीताईने धाकटीचा दंडघेर घेतला. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण करून, पट्टी न आवळता. 11.2 सेंटिमीटर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत 11.5 च्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची लांबी आडवं झोपवून घ्यायची असते, पण ही रडून फळीवर राहीना. उभं करून मोजली आणि नियमाप्रमाणे 0.7 सेंटिमीटर मिळवले. हे मिळवायचं बरेचदा राहून जातं, मग लांबीच्या मानाने वजन जास्त वाटतं आणि बाळ कागदावर आहे त्यापेक्षा बरं दिसतं. पायांवर अंगठे दाबून पाहिले, सूज नव्हती. भूकही लागत होती. म्हणजे तालुक्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करण्याची गरज नाही, गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात दिवसातून अनेक वेळा थोडं थोडं खाऊ घालून ती सुधारू शकते. अट एकच, बाळ काही आठवडे गावात हवं. आणि आई म्हणाली, “भाऊसाहेब, आम्ही रातीच निघायलोत.”

आईला थांबा म्हणणं सोपं आहे. पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक जण राहिला तर अर्धा कोयता, आणि उचल तर पुऱ्या कोयत्याची घेतलेली. ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर चढते. त्यामुळे “आईने मुलाकडे लक्ष द्यावं” असं तक्त्यावर लिहिणाऱ्यांना मी एकदा तरी मुकादमाच्या वहीसमोर बसवीन.

उरली आजी. ती म्हणाली, “ठिवा माझ्यापाशी, पर खायला काय घालू?” इथे रेशन आलं. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी 5 किलो, आणि ‘एक देश एक रेशन’मुळे बाप कारखान्याजवळ धान्य उचलू शकतो. सोय चांगली आहे, पण तिकडे सगळं उचललं तर इकडे आजीच्या वाट्याला त्या महिन्यात काही उरत नाही. धान्य थोडं इथे, थोडं तिथे असं वाटून घेता येतं हे बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. शिवाय आजीचा अंगठा मशीनला जुळत नाही. हे गाडी निघायच्या आधी तपासायचं, नंतर नाही. आम्ही आजीला दुकानात नेलं, दहाही बोटं लावून पाहिली, डाव्या हाताचं मधलं चाललं. दुकानदाराने ते वहीत लिहून ठेवलं.

अंडी, तेल, गूळ, शेंगदाणे यांचा खर्च ग्रामपंचायतीचा. स्वउत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. स्वउत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि इतर कर. वित्त आयोगाचं अनुदान यात धरत नाहीत. गावाची वसुली अडीच लाख असेल तर बालकल्याणाला पंचवीस हजार, तेही महिलांसोबत वाटून. पैसा कमी आहे हे खरं, पण आमचं दुखणं वेगळं आहे: तो चुकीच्या महिन्यात येतो. वसुलीचा जोर फेब्रुवारी-मार्चमध्ये, खर्चाची मुदत 31 मार्च. मग शेवटच्या आठवड्यात खुर्च्या आणि भिंतीवरचे तक्ते घेतले जातात. पोरं मात्र एप्रिलमध्ये परततात.

ग्रामसभांचंही तेच. प्रथेने 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. विकास आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरपासून जानेवारीअखेरपर्यंत चालते, म्हणजे ज्यांच्या पोरांसाठी ‘बालस्नेही गाव’ ही संकल्पना निवडायची, ती माणसं तेव्हा उसाच्या फडात असतात. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यात कमी असेल तो. तो त्यांच्याविनाही भरतो आणि ठराव कायदेशीर होतो. आम्ही एवढंच करतो: 1 मेच्या ग्रामसभेत, सगळे गावात असताना, हंगामाचा खर्च आधीच मंजूर करून ठेवतो. “ऑक्टोबर ते मार्च, पूरक आहार, इतकी मुलं, माणशी इतकं”, असा आकडेवार. ठराव मोघम असला की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि पुढच्या वर्षी सरपंच हात आखडता घेतो. त्या ठरावामुळेच त्या दिवशी दुपारपर्यंत किराणा आजीच्या घरी पोचला.

धाकटी राहिली, मग थोरलीला जाण्याचं कारणच उरलं नाही. हंगामी वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव गुरुजींनी तिथेच ओट्यावर बसून घातलं. नावाला वसतिगृह, पण सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत आणि झोपायला आजीकडे, असंच ते बहुतेक ठिकाणी चालतं. मंजुरी उशिरा येते, तोवर किराणावाल्याची उधारी. शाळा व्यवस्थापन समितीने त्याच्याशी आधी बोलून ठेवलेलं असलं तर डिसेंबर निभतो.

एक गाठ मात्र सुटली नाही. धाकटीचा जन्म फेब्रुवारी 2024 मधला, कारखान्याजवळच्या खोपीतला. जन्माची नोंद नाही. आईने जन्मदाखला माझ्याकडे मागितला आणि मी देऊ शकत नव्हतो, कारण नोंद जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडेच होते. मुदत 21 दिवस. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि अलीकडे चौकशीही कडक झाली आहे. ‘इथेच जन्मली असं लिहा’ हा सल्ला गावात फुकट मिळतो. तसं लिहिलं तर खोटी नोंद, आणि पुढे दाखला रद्द झाला तर आधारसकट सगळंच अडकतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सगळीकडे जन्मतारखेचा तोच एक पुरावा. आज अंगणवाडीचा आहार आईच्या आधारवर मिळतोय, पण सहाव्या वर्षी शाळेच्या दारात हे उभं राहणारच.

पुरावा पेटीत निघाला. लसीकरणाचं कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत, तिकडच्या उपकेंद्राचा शिक्का आणि पहिल्या लसीची तारीख असलेलं. तिकडच्या उपकेंद्राच्या नर्सबाईने खोपीवर येऊन लस दिली होती, ते तिचे उपकार. आम्ही दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि मूळ कार्ड आजीकडे ठेवलं, कारण फडात पावसाने आणि उंदराने कागद राहत नाहीत. उशिराच्या जन्मनोंदीसाठी आई-बापाच्या सह्या कोऱ्या अर्जावर नाही, भरलेल्या अर्जावर घेतल्या. ते रात्री निघाले.

दोन महिन्यांनी धाकटीचा दंडघेर 12.1 होता, लालातून पिवळ्यात. उशिराच्या नोंदीसाठी लागणारा, जन्माची नोंद नसल्याचा दाखलाही तिकडच्या ग्रामपंचायतीकडून आला, पण त्यात आईचं माहेरचं आडनाव पडलंय. दुरुस्तीसाठी परत पाठवला आहे.