शांघायमध्ये भारीतलं जेवायचं असेल तर आठ जण जमवा

शांघायला फिरायला येणारी आपली मंडळी मला हमखास विचारतात, इथलं अस्सल आणि जरा भारीतलं जेवण कुठे मिळेल? मी आधी उलट विचारते, किती जण आहात? दोघंच असाल तर कोपऱ्यावरच्या दुकानात शंगच्येन खा: तळाशी खरपूस भाजलेले, आत गरम रस्सा भरलेले बाओ, म्हणजे सारण घातलेले पिठाचे गोळे. पोट भरेल, जीवही खूश होईल. महागड्या शांघायनीज हॉटेलात मात्र दोघांनी जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तिथला अख्खा मासा, अख्खं बदक, मातीच्या भांड्यातला रस्सा, सगळं गोल टेबल डोळ्यांसमोर ठेवून केलेलं असतं. दोघांची तीन पदार्थांतच तृप्ती होते. तेवढ्याच माणशी पैशांत आठ जण बारा चवी घेऊन उठतात.

मागच्या नोव्हेंबरात ऑफिसातले आम्ही आठ जण असेच गेलो होतो. जुन्या फ्रेंच वसाहतीच्या भागात चिनारांच्या रांगेमागे बंगले आहेत, त्यांतल्या काहींची आता हॉटेलं झाली आहेत. वरच्या मजल्यावरची खोली आमच्यासाठी राखून ठेवली होती. अशा खोलीसाठी किमान अमुक एवढ्या रकमेचं जेवण मागवावंच लागतं, म्हणूनही माणसं जास्त हवीत.

मागवायचं काम आमच्या मॅनेजरबाईंकडे होतं. त्या जन्माने शांघायच्या. इथे प्रत्येकाने आपापलं मागवायची पद्धत नाही. एकजण सगळ्या टेबलासाठी मागवतो आणि ती मोठी जबाबदारी असते. बाईंनी मेन्यू उघडण्याआधी प्रत्येकाला विचारलं, काय चालत नाही? पुण्याहून महिनाभरासाठी आलेला आमचा एक सहकारी शुद्ध शाकाहारी. तो संकोचून म्हणाला, "माझ्यासाठी नुसता भात सांगा, चालेल." बाईंनी ते कानावरच घेतलं नाही. मग वेटरला बोलावून त्या एकेका भाजीबद्दल खोदून विचारायला लागल्या: फोडणीला डुकराची चरबी आहे का? रस्सा कशाचा? चरबीच्या जागी साधं तेल घालाल का? इथल्या भाज्यांत चरबी सर्रास असते, त्यामुळे नुसतं "भाजी द्या" म्हणून भागत नाही.

त्यांचा हिशेबही ऐकण्यासारखा होता. माणसं आठ, म्हणजे मोठे पदार्थ नऊ-दहा. आधी गार पदार्थ, मग गरम, मग सूप, शेवटी भात किंवा नूडल्स आणि गोड. एक पदार्थ गडद सोया सॉसमधला आला की पुढचा फिक्या रंगाचा हवा. एक तेलकट, तर पुढचा हलका. उरेल इतकं मागवायचं नाही. 2021 पासून इथे अन्नाची नासाडी रोखणारा कायदाही आहे.

पहिल्या गार पदार्थांत काओफू आलं. कणीक पाण्यात धुऊन स्टार्च काढला की मागे जो चिवट गोळा उरतो, तो आंबवून वाफवतात. स्पंजसारखे त्याचे तुकडे सोया सॉस आणि साखरेत मुरवलेले असतात, सोबत काळं अळंबं, लिलीच्या सुक्या कळ्या आणि शेंगदाणे. दाताखाली तुकडा दाबला की गोडसर रस तोंडभर पसरतो. पूर्ण शाकाहारी आणि तरीही टेबलावर सगळ्यात आधी तेच संपलं.

टेबलाच्या मध्यावर काचेची मोठी फिरती तबकडी असते. नवा पदार्थ आधी पाहुण्यासमोर येतो, मग तबकडी सावकाश फिरते. कुणी वाढून घेत असेल तर थांबायचं. आपल्याकडचा माणूस हे पाहून पहिली शंका काढतो ती उष्ट्याची, आणि ती रास्त आहे. ती चिनी डॉक्टरांनाही आली होती. 1910-11 मध्ये चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियातल्या फुप्फुसाच्या प्लेगशी झुंज देणारे डॉक्टर वू ल्येन-ते मूळचे आजच्या मलेशियातल्या पेनांगचे, केंब्रिजला शिकलेले. एकाच भांड्यात सगळ्यांच्या चॉपस्टिक्स जातात, त्यातून क्षय पसरतो, याची त्यांना काळजी होती. म्हणून 1915 च्या सुमारास त्यांनी फिरती तबकडी आणि प्रत्येक पदार्थाला वेगळा वाढायचा चमचा, असा उपाय सुचवला. एकत्र बसून जेवणं त्यांनी मोडू दिलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या टेबलावर प्रत्येकाच्या पुढ्यात चॉपस्टिक्सचे दोन जोड होते, एक वाढून घ्यायला, एक खायला. सवय नसली तरी पाच मिनिटांत जमतं.

मग श्येफन तोफू आलं, म्हणजे खेकड्याचा गर आणि गाभोळी घातलेलं मऊ टोफू. शरद ऋतू हा इथे केसाळ खेकड्यांचा मोसम. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात मादी खावी आणि दहाव्यात नर, असं इथे म्हणतात. सूचौ शहराजवळच्या यांगछंग तलावातल्या खेकड्यांचा मान सगळ्यात मोठा. खेकडा एवढासा, त्यातला गर हाताने कोरून काढायचा, एका वाटीसाठी कितीतरी खेकडे लागतात. ही मेहनत कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. बिलातला मोठा आकडा असल्या हातकामाचा असतो.

होंगशाओरौ, म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस, खडीसाखर, सोया सॉस आणि शाओशिंगची तांदळाची दारू घालून मंद आचेवर शिजवलेलं. शांघायचं जेवण गोडाकडे झुकतं, ते या पदार्थात पुरेपूर कळतं. मला एक तुकडा पुरला.

खरी मजा त्साओथौने आणली. तीन-तीन पानांची कोवळी भाजी, मोठ्या आचेवर क्षणभर परतलेली, वरून तांबड्या ज्वारीच्या दारूचा शिडकावा. पुण्याच्या सहकाऱ्याला दारूबद्दल आधीच विचारलं होतं, त्याची हरकत नव्हती. पहिला घास घेऊन तो म्हणाला, "अगं, ही तर मेथीची बहीण!" वनस्पतिशास्त्रानेही ती मेथीची जवळची नातेवाईकच आहे, फक्त कडवटपणा नाही. त्याने ती दोनदा वाढून घेतली. बाईंनी न बोलता आणखी एक प्लेट मागवली आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून संपवली.

त्या रात्रीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. शाकाहारी माणसासाठी वेगळं ताट कुठेच आलं नाही. दहातले पाच पदार्थ त्याला चालणारे होते आणि ते सगळ्यांचेच होते. तो कोपऱ्यात बसून भात चिवडत राहिला नाही, बाईंशेजारी बसून पोटभर जेवला. शेवटी कांद्याच्या पातीच्या तेलातल्या नूडल्स आल्या तेव्हा त्यानेच सगळ्यांना वाढल्या.

बिल माणशी 600 युआन झालं, म्हणजे साधारण सात-आठ हजार रुपये. टिपची पद्धत इथे नाही, पण अशा ठिकाणी बिलात सेवाशुल्क असतं. बाईंनी भरलं आणि वीचॅट या इथल्या मेसेजिंग ॲपच्या ग्रुपवर प्रत्येकाचा वाटा मागितला. रक्कम मोठी आहेच, वर्षातून एक-दोनदा परवडणारी. येणार असाल तर खोली आठवडाभर आधी सांगून ठेवा आणि शाकाहारी किती, हे फोनवरच कळवा. आमचं पुढचं जेवण मार्चमध्ये ठरलंय. तेव्हा बांबूचे कोवळे कोंब येतात, आणि बाईंनी आत्ताच विचारून ठेवलंय की त्या कोंबांचं बिनमांसाचं सूप कोणता स्वयंपाकी चांगलं करतो.