‘मेक म्हणजे बनवणे’ आणि बाकीचा घोळ

इंग्लिशची क्रियापदं सुटी सुटी पाठ करायला लावणाऱ्या क्लासवाल्यांवर माझा जुना राग आहे. मेक म्हणजे बनवणे, डू म्हणजे करणे, टेक म्हणजे घेणे, असा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, पोरं तो घडाघडा म्हणून दाखवतात आणि मग निबंधात लिहितात ‘आय डिड अ मिस्टेक’, कारण मराठीत चूक आपण करतो, बनवत नाही. आता यात पोरांचं काय चुकलं सांगा, तक्त्याप्रमाणेच तर लिहिलंय!

जरा उलट करून बघा. उद्या एखादा गोरा मराठी शिकायला आला आणि विचारलं, काढणे म्हणजे काय? काय सांगाल? आपण फोटो काढतो, एटीएममधून पैसे काढतो, एसटीचं तिकीट काढतो, दुपारची झोप काढतो, म्हशीचं दूध काढतो, धाकट्या भावाची खोड काढतो, आजीची आठवण काढतो, लग्नासाठी कर्ज काढतो आणि मग ते फेडता फेडता दिवस काढतो. त्या बिचाऱ्याला प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद लागणार, फोटोला टेक, पैशाला विथड्रॉ, तिकिटाला बाय. आपल्याला हे कुठल्या सरांनी शिकवलं? कोणीच नाही. ‘झोप’ शब्द कानावर पडला तो ‘काढली’, ‘लागली’, ‘उडाली’ यांच्यासकटच पडला.

इंग्लिशचंही तसंच करायचं, एवढंच माझं म्हणणं आहे. वहीत पान क्रियापदाच्या नावाने करायचं नाही, नामाच्या नावाने करायचं. डिसिजन हे पान, त्याखाली मेक अ डिसिजन, रीच अ डिसिजन. ब्रिटिश लोक टेक अ डिसिजनपण म्हणतात, म्हणजे आपला ‘निर्णय घेणे’ तिथे चक्क चालून जातो. आणि लिहिताना तो बारकासा ‘अ’ गाळू नका. मेक अ मिस्टेकमध्ये तो आहे, मेक प्रोग्रेसमध्ये नाही, पे अटेन्शनमध्येही नाही, नंतर वेगळा पाठ करायला गेलात तर डोक्याला ताप. जमलं तर भूतकाळही तिथेच लिहा, मेड, टुक, पेड, कारण बोलताना निम्म्या वेळा तोच लागतो.

सगळ्यात वाईट प्रकरण ‘हॅव’चं. आपल्याकडे असं क्रियापदच नाही ना. मला भाऊ आहे, माझ्याकडे गाडी आहे, मला ताप आहे, सगळं ‘आहे’वर भागतं. त्यामुळे शाळेत सांगतात हॅव म्हणजे जवळ असणे, झालं काम. माझी मावसबहीण सध्या आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांना द्यावी लागते त्या इंग्लिशच्या परीक्षेची, तयारी करतेय, तिला ‘वी हॅड ब्रेकफास्ट ॲट एट’ दिलं तर म्हणते, “ताई, आठ वाजता नाश्ता जवळ होता हे कळलं, पण खाल्ला कधी?” हसून हसून पुरेवाट झाली, पण तक्त्याच्या हिशोबाने तिचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. हॅव ब्रेकफास्ट, हॅव अ चॅट, हॅव अ फाइट, हॅव अ बेबी, यात जवळ असण्याचा संबंध शोधत बसलात तर वेड लागेल. स्वप्नसुद्धा तिकडे बघत नाहीत, हॅव अ ड्रीम. आणि शॉवर ब्रिटिश लोक हॅव करतात, अमेरिकन टेक करतात, दोन्ही चालतं, त्यावर भांडू नका.

परीक्षेचं तेवढं सांगते. ‘गिव्ह द एक्झाम’ आपल्याकडे सर्रास म्हणतात, कारण परीक्षा आपण देतो. इथे बोलताना खुशाल म्हणा, सगळ्यांना कळतं, उगाच कोणी टोकलं तर त्यालाच गप्प करा. पण लंडनमधल्या माणसाच्या डोक्यात परीक्षा गिव्ह करतो तो मास्तर, विद्यार्थी टेक करतो नाहीतर सिट करतो. आयईएलटीएसला तर हे धरून चालाच, त्यांच्या गुण देण्याच्या निकषांत ७ आणि ८ बँडला (बँड म्हणजे तिथले गुण) कोलोकेशनचं नाव घेऊन उल्लेख आहे, म्हणजे शब्दांच्या जोड्या जमतात का हे खरंच बघतात.

हे काही नवीन खूळ नाही बरं का. हॅरॉल्ड पामर नावाच्या इंग्रजाने टोकियोत बसून १९३३ मध्ये अशा जोड्यांचा एक मोठा अहवाल काढला (बघा, अहवालही काढतातच), तोही जपानी विद्यार्थ्यांना इंग्लिश शिकवताना. म्हणजे ह्या याद्या बऱ्याचशा आपल्यासारख्यांसाठीच सुरू झाल्या.

सगळं पाठ करायची गरज नाही. ब्रेक द रूल्स, गिव्ह बर्थ, वेस्ट टाइम, हे मराठीतून सरळ उतरतं, ते सोडून द्या. जिथे मराठी एकीकडे आणि इंग्लिश दुसरीकडे जातं तेवढंच वहीत घ्या. प्रॉमिस बघा, मोडताना दोन्हीकडे मोडतोच, पण देताना ते मेक करतात आणि पाळताना कीप. म्हणजे वहीत दोनच ओळी. शंका आली तर चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत, म्हणजे इंग्लिश शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात, नाम उघडा, क्रियापद नाही. उदाहरणांच्या वाक्यात जोडी सापडतेच. नाहीच सापडली तर कोका नावाचा अमेरिकन इंग्लिशचा शंभर कोटींहून जास्त शब्दांचा साठा ऑनलाइन आहे, अकाउंट काढून त्यात शंका असलेल्या दोन्ही जोड्या टाकायच्या आणि कुठली जास्त वेळा येते ते बघायचं. बहीण आता रात्री रील्स बघायच्या ऐवजी तेच करत बसते, मावशी म्हणते डोळे जातील.