ओलावा किती धरायचा?

दिवाळीच्या आगेमागे आमच्या जालन्यात सोयाबीनची आवक वाढते आणि माझ्या आडतीवर सगळ्यात जास्त भांडणं होतात ती ओलाव्यावरून. प्रमाण १२ टक्के. त्यापुढे भाव कापतात. पोत्याच्या तोंडाशी दाणे वाळलेले, तळाशी ओले. म्हणजे मूठ कुठून घ्यायची, यावरच निम्मा हिशोब ठरतो. मी खोल हात घालून तीन ठिकाणचे दाणे घेतो, एकत्र करतो आणि मशीनचा आकडा शेतकऱ्याकडे वळवतो. "दादा, तुम्हीच वाचा." वाचता येत नसेल तर पोराला वाचायला लावतो.

रविवारी चर्चमध्ये, आमच्या मंडळीत बसून भक्ती करणं त्या मानानं सोपं. बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायातले व्यापारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळतातच की! फक्त तो कधी संपतो आणि धान्य कधी विकतो, याची त्यांना घाई. माप लहान, तागडी खोटी. हा भाग वाचला जातो तेव्हा मी चष्मा पुसत बसतो.

ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हा शेतीही सोबत होतीच. आमच्याकडे विश्वास आणि वावर कधी फार लांब नव्हते.

पण भोळेपणा म्हणजे ख्रिस्तीपणा, हे मला पटत नाही. माल १६ टक्के आला तर मी १६च लावतो. ओळखीचा असो, मंडळीतला असो. "जय ख्रिस्त" म्हणून सूट मागणारेही येतात. त्यांना चहा पाजतो, ताडपत्री देतो आणि मागचं अंगण दाखवतो: वाळवा, उद्या परत मोजू.