आमच्या घरातली नावे, जन्मतारखा आणि कॉमिक्समधले सुपरहीरो : माझा अनुभव

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, त्यामुळे माझा भाचा पार्थ याने आपल्या नावाची चौकशी थेट माझ्याकडेच केली, हे रीतीला धरूनच झाले. तो अकरा वर्षांचा आहे आणि सुपरहीरोंची कॉमिक्स मन लावून वाचतो. पीटर पार्कर, ब्रूस बॅनर, रीड रिचर्ड्स, मॅट मर्डॉक अशी नावे त्याने वहीत एकाखाली एक लिहिली होती आणि सर्वांत शेवटी ‘पार्थ पाटील’ लिहून त्याने विचारले, “आत्या, तू हे मुद्दाम केलंस का?” मुद्दाम केले होते, पण माझे कारण वेगळे होते. माझ्या आजोबांचे नाव परशुराम, वडिलांचे प्रभाकर, आणि घराण्यातला हा ‘प’ पुढच्या पिढीत टिकावा अशी माझी इच्छा होती. वहीतल्या त्या पात्रांचे लेखक स्टॅन ली यांनी नाव आणि आडनाव एकाच अक्षरावर बेतले ते एका वेळी अनेक मालिका लिहिताना पात्रांची नावे लक्षात राहावीत म्हणून. कारणे निराळी असली तरी वहीतल्या त्या यादीत पार्थचे नाव उपरे वाटत नव्हते, आणि घरातल्या बाकीच्या माणसांचाही असा धागा सापडतो का, हे पाहायचे आम्ही दोघांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवले.

सुरुवातीलाच एक शिस्त घालून घेतली. तारीख जुळली असे म्हणायचे तर दिवस आणि महिना दोन्ही तेच हवेत. आकड्यांच्या बेरजा करून, अक्षरे उलटसुलट मांडून काढलेले संबंध धरायचे नाहीत. अशा बेरजांनी कोणाचाही कोणाशीही संबंध लावता येतो, आणि मग सापडल्याचा आनंदच उरत नाही. नावाच्या बाबतीत मात्र थोडी मोकळीक ठेवली : नाव तेच असावे, किंवा नाव ठेवण्याची पद्धत तरी तीच असावी.

खरी अडचण पुढे आली, आणि ती दोन्ही बाजूंनी सारखीच होती. सुपरहीरोंच्या तारखा एकेरी नसतात. सुपरमॅनचेच उदाहरण घेतले, तर ज्या अंकात तो पहिल्यांदा आला त्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जून १९३८ असे छापलेले आहे, पण तो अंक विक्रीला आला १८ एप्रिल १९३८ रोजी. अंक विक्रेत्याकडे शिळा दिसू नये म्हणून मुखपृष्ठावर पुढच्या महिन्याचे नाव छापण्याची त्या धंद्यातली रीतच होती. बॅटमॅनचा पहिला अंकही असाच मे १९३९ चा म्हणवतो आणि आला ३० मार्चला. ही झाली प्रकाशनाची तारीख. पात्राचा वाढदिवस आणखी वेगळा. सुपरमॅनचा वाढदिवस २९ फेब्रुवारी मानतात, तर क्लार्क केंट या त्याच्या रोजच्या रूपाचा १८ जून. म्हणजे एकाच व्यक्तीची एक कागदावरची तारीख, एक खरी तारीख आणि वर आणखी एक.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शाळा सोडल्याचा दाखला समोर आल्यावर पार्थला हे सारे ओळखीचे वाटले, कारण आबांची दाखल्यावरची जन्मतारीख १ जून १९३८ आहे. त्या पिढीतल्या असंख्य माणसांची जन्मतारीख १ जूनच असते, हे मराठी घरांना सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू होत असे, मुलाला घेऊन आलेल्या आईबापांना नेमकी तारीख सांगता येत नसे, आणि मास्तर वयाचा हिशेब बसेल अशी तारीख लिहून मोकळे होत. “आमच्या वर्गात निम्मी पोरं एक जूनचीच,” असे आबा सांगतात. मुखपृष्ठावरचा ‘जून १९३८’ आणि दाखल्यावरचा ‘१ जून १९३८’ या दोन्ही सोयीसाठी लिहिलेल्या तारखा, दोन्ही एकाच महिन्याच्या आणि एकाच सालच्या. हा आमच्या यादीतला पहिला धागा ठरला. मग साहजिकच आबांची खरी तारीख शोधणे आले.

त्यासाठी आधार एवढाच होता की आबांचा जन्म जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवशी झाला, सासनकाठ्या डोंगराकडे निघाल्या होत्या आणि वाटेवरच्या आमच्या जुन्या घरात माझी आजी बाळंत झाली, असे ती कायम सांगत असे. यात्रा चैत्री पौर्णिमेची, म्हणजे शके १८६० च्या चैत्री पौर्णिमेची इंग्रजी तारीख काढायची होती. आमच्या गल्लीतल्या गुरुजींनी जुन्या पंचांगांचे गाठोडे सोडले आणि पार्थने स्वतः बोट ठेवून ओळ वाचली : गुरुवार, १४ एप्रिल १९३८. सुपरमॅनचा अंक अमेरिकेत विक्रीला आला तो त्याच्या पुढच्याच सोमवारी. दिवस जुळला नाही, चार दिवसांनी हुकला, आणि आमच्या नियमाप्रमाणे तो जुळणीत धरता आला नाही. तरी पार्थने समासात ‘आबा सुपरमॅनपेक्षा चार दिवसांनी मोठे’ अशी नोंद केली. १४ एप्रिल ही बाबासाहेब आंबेडकरांची जयंती आहे, हे लक्षात आल्यावर आबांना झालेला आनंद त्याहून मोठा होता. सत्त्याऐंशी वर्षांचे झाल्यावर त्यांना आपला वाढदिवस कळला, आणि एरवी हा शोध कोणी घेतला असता असे मला वाटत नाही.

आबांचे नावही कोरे राहिले नाही. २००४ साली स्पायडरमॅनचा एक भारतीय अवतार काढण्यात आला. मुंबईत राहणारा, धोतर नेसणारा हा मुलगा म्हणजे पवित्र प्रभाकर. पीटर पार्करची दोन्ही आद्याक्षरे राखण्यासाठी निवडलेल्या त्या नावात आमच्या आबांचे नाव जसेच्या तसे आहे. मूळ स्पायडरमॅन १९६२ सालचा, आणि आबांची सगळी नोकरी ज्या शिवाजी विद्यापीठात झाली त्याची स्थापनाही १८ नोव्हेंबर १९६२ ची. विद्यापीठ हे काही घरातले माणूस नव्हे, म्हणून ही नोंद यादीच्या बाहेर ठेवली, पण आबांना ती सर्वांत जास्त आवडली.

माझ्या धाकट्या भावाचे काम सोपे निघाले. त्याचा जन्म १९ फेब्रुवारीचा, जन्मदाखला महापालिकेचा, शंकेला जागा नाही. शासनाने शिवजयंतीसाठी हीच तारीख निश्चित केल्यापासून त्याच्या वाढदिवसाला सुट्टी असते, एवढेच आजवर आम्हाला कौतुक होते. डीसी कॉमिक्सने १९७६ सालासाठी काढलेल्या दिनदर्शिकेत नायकांचे वाढदिवस दिले होते आणि त्यात बॅटमॅनचा, म्हणजे ब्रूस वेनचा, वाढदिवस १९ फेब्रुवारीच आहे. नावाचा धागा त्याहून खोल आहे. भावाचे नाव राजाराम. कोल्हापुरात हे नाव छत्रपतींच्या घराण्याची आठवण ठेवून दिले जाते. ब्रूस वेन हे नाव बिल फिंगर यांनी स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस आणि अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी अँथनी वेन यांच्या नावांवरून तयार केले. राजाच्या नावावरून नाव ठेवण्याची पद्धत इकडे जशी, तशीच तिकडे.

बिल फिंगर यांच्याविषयी वाचताना मी बराच वेळ थांबले. बॅटमॅनच्या पोशाखापासून त्याच्या कथेपर्यंत कितीतरी गोष्टी त्यांच्या, पण अनेक दशके बॅटमॅनचा निर्माता म्हणून एकट्या बॉब केन यांचेच नाव छापले जात राहिले. फिंगर १९७४ मध्ये वारले आणि त्यांचे नाव केन यांच्या जोडीने अधिकृतपणे येऊ लागले ते २०१५ मध्ये. ज्याने नाव दिले त्याचेच नाव झाकून राहावे, ही गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. त्याच आठवड्यात आमच्या माळ्यावरची भांडी खाली काढली, तेव्हा त्या अस्वस्थपणाला घरातलेच कारण मिळाले.

भांडी काढण्याचा हेतू तारखा शोधण्याचा होता. लग्नात, बारशाला दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, साल, कधी कधी तिथीसुद्धा कोरलेली असते, आणि कागद हरवले तरी पितळ राहते. एक कळशी इतकी काळवंडली होती की अक्षरे हातालाच लागत, डोळ्यांना दिसत नव्हती. पार्थने चिंच आणि मीठ लावून ती घासली, तशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ओळ काठाखाली उमटत गेली : ‘कमल हिस मामाकडून सप्रेम भेट’. आमच्या घरात कमल नावाचे कोणी नाही. आईला विचारले, तर ती हातातला विळा बाजूला ठेवून म्हणाली, “माझंच की ते नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं सुनंदा लिहिलं, तवापासून मी सुनंदा.” मी इतकी वर्षे तिची मुलगी आहे आणि ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. पार्थ मात्र लगेच म्हणाला, “आजी, म्हणजे तुझी सिक्रेट आयडेंटिटी होती!” कमल हे नाव कॉमिक्समध्ये शोधायला त्याला क्षणभरही लागला नाही. २०१४ साली जिची स्वतंत्र मालिका सुरू झाली ती मिस मार्व्हल म्हणजे जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी वंशाच्या घरातली कमला खान ही शाळकरी मुलगी. घरात एक आणि बाहेर दुसरी अशी दोन रूपे सांभाळणाऱ्या त्या मुलीच्या गोष्टी पार्थने आईला वाचून दाखवल्या. आईने त्या लक्षपूर्वक ऐकल्या आणि तिने विचारलेला एकच प्रश्न असा होता की, त्या पोरीच्या आईला हे ठाऊक आहे का.

सुपरहीरोंना दोन नावे असतात म्हणून मुलांना त्यांचे अप्रूप वाटते, पण आपल्याकडच्या एका संपूर्ण पिढीच्या बायका दोन नावांनी जगल्या आणि त्यातले पहिले नाव माहेरच्या उंबऱ्यातच राहिले, हे मला या शोधात प्रकर्षाने जाणवले. आमच्या यादीत आईच्या रकान्यात आता कमल हे नाव आधी लिहिले आहे.

माझ्या स्वतःच्या जन्मतारखेला कोणीही सापडले नाही, आणि ओढूनताणून शोधायचे नाही हा नियम माझ्यासाठीही होता. नावाच्या पद्धतीत मात्र एक फार सुंदर साम्य मिळाले. सुपरमॅनच्या क्रिप्टन ग्रहावर मुलगा घराण्याचे नाव लावतो, जोर-एलचा मुलगा काल-एल. मुलगी मात्र आपल्या नावापुढे वडिलांचे पूर्ण नाव लावते. १९५९ मध्ये आलेली सुपरगर्ल ही झोर-एलची मुलगी, म्हणून तिचे नाव कारा झोर-एल. मी लग्न केले नाही. माझ्या नावानंतर आजही प्रभाकर येते आणि मग पाटील.

आम्हा भावंडांच्या बालपणीचा नायक या यादीत नसता तर मला चुटपुट लागली असती. मार्च १९६४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये बंद पडलेल्या इंद्रजाल कॉमिक्सने मराठी मुलांना फँटमची ओळख वेताळ म्हणून करून दिली. ज्या शिवाजी पेठेत वेताळमाळ तालीम आहे, तिथल्या पोरांना हे नाव परके वाटण्याचे कारणच नव्हते. ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू केलेल्या चित्रमालिकेतला हा नायक एकच माणूस नसून ते एकवीस पिढ्यांचे घराणे आहे. मुलगा बापाचा वसा घेतो आणि किट वॉकर हे नाव पुढे चालते, म्हणून लोकांना वाटते की वेताळ अमर आहे. पणजोबांचे नाव पणतवाला ठेवण्याची आपली रीत यापेक्षा वेगळी ती काय! परशुराम ते पार्थ हा आमचा ‘प’ मी या रकान्यात लिहिला.

भावजयीची गोष्ट आबांच्या वाटेनेच गेली. तिचे माहेर गडहिंग्लजकडचे, शाळेच्या दाखल्यावर १ जून १९८५, आणि तिच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे जन्म गुढीपाडव्याच्या सकाळचा. गुरुजींच्या पंचांगात १९८५ चा पाडवा २२ मार्चला निघाला. पार्थने डीसीच्या त्या १९७६ च्या दिनदर्शिकेतली तारीख पुन्हा तपासली. वंडर वुमनचा वाढदिवस : २२ मार्च. तो स्वयंपाकघरात धावत गेला. भावजय कणीक मळत होती, तिने सगळे ऐकून घेतले आणि मला म्हणाली, “ताई, मग पुढच्या वर्षीपासनं माझा वाढदिवस पाडव्यालाच करायचा, एक जूनला नको.” तसे ठरले आहे.

खुद्द पार्थचा वाढदिवस २८ ऑगस्टचा. त्या दिवशीचा नायक मिळेना, तेव्हा नायक घडवणाऱ्यांकडे पाहिले. जो सायमन यांच्यासह कॅप्टन अमेरिका आणि स्टॅन ली यांच्यासह फँटास्टिक फोर, हल्क आणि एक्स-मेन उभे करणारे चित्रकार जॅक कर्बी २८ ऑगस्ट १९१७ रोजी जन्मले. त्यांचेही मूळ नाव वेगळे होते, जेकब कुर्ट्झबर्ग. पार्थला चित्रकला आवडते, त्यामुळे नायकापेक्षा चित्रकार मिळाल्याचे त्याला वाईट वाटले नाही.

आईची जन्मतारीख अजून मिळालेली नाही. नवरात्रात, त्र्यंबोलीच्या यात्रेच्या दिवशी, एवढे तिला ठाऊक आहे. साल मात्र नक्की सांगता येत नाही. ती कागलच्या शाळेत तिसरीपर्यंत गेली होती आणि तिथल्या जुन्या दाखलखारीज रजिस्टरात तिचे नाव कमल म्हणूनच असणार. शाळा उघडली की मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज पार्थने लिहून ठेवला आहे.