बोट नव्हती म्हणून राहून गेलेली तळी (लुईस बेट, अपडेट)

मंडळी, स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या तळ्यांची खोली मोजत होतो, तो सगळा डेटा एकदाचा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवला. मागच्या वेळी नुसते फोटो दाखवले होते तर अर्ध्या लोकांचा प्रश्न एकच, की बाबा रे तू त्या ओल्या माळावर रबरी बोट पाठीवर घेऊन नक्की करतोस काय, म्हणून यावेळी जरा नीट लिहितो.

स्कॉटलंडमधल्या गोड्या पाण्याच्या लॉखांची (तिकडे तळ्याला लॉख म्हणतात) खोली पद्धतशीरपणे मोजली गेली ती 1897 ते 1909 मध्ये. सर जॉन मरे, म्हणजे चॅलेंजर जहाजाच्या समुद्र मोहिमेवर होता तोच, आणि त्याच्याबरोबर फ्रेड पुलर नावाचा तरुण पोरगा. खोली मोजायचं वायरचं यंत्र या पुलरनेच बनवलेलं. 1901 च्या फेब्रुवारीत स्टर्लिंगजवळ एअरथ्री लॉखवर बर्फ फुटून स्केटिंग करणारे लोक पाण्यात पडले, हा त्यांना काढायला गेला आणि स्वतःच बुडाला. काम तिथेच थांबलं असतं पण त्याच्या वडिलांनी, लॉरेन्स पुलर यांनी, 10,000 पौंड दिले आणि सांगितलं पुरं करा. 562 लॉख मोजून झाले, 1910 मध्ये सहा खंड निघाले, आणि ते नकाशे आज नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने स्कॅन करून फुकट ठेवलेत, ज्याने पाहिले नसतील त्याने आधी ते बघा, हे वाचणं नंतर झालं तरी चालेल, इतके सुरेख आहेत.

मेख एवढीच की ज्या लॉखवर बोट मिळाली तेच मोजले. लुईससारख्या बेटावर रस्त्यापासून तासभर चिखल तुडवून गेल्यावर जे तळं लागतं तिथे 1900 साली लाकडी बोट कोण खांद्यावर नेणार? म्हणजे नकाशावर निळे ठिपके ढिगाने, आणि त्यातल्या बहुतेकांच्या आत आकडाच नाही. माझा उद्योग तेवढाच, पॅकराफ्ट (तीच ती पाठीवरची रबरी बोट) फुगवायचा, पाण्यावर जायचं, दोरी सोडायची, आकडा लिहायचा. पॅकराफ्ट तीन किलोच्या आत येतो, पंपाची पिशवी धरून.

आता जागेबद्दल, कारण इथेच सगळी गंमत आहे. लुईसचा खडक म्हणजे नाइस नावाचा कठीण दगड, काही ठिकाणी तीन अब्ज वर्षांच्या आसपास जुना, पाणी म्हणून मुरत नाही त्यात. वरून हिमयुगात बर्फाने घासला, जिथे भेगा होत्या तिथे खोलगट खणला. पश्चिमेला उइगच्या डोंगरांत बर्फाने दऱ्या कोरल्या म्हणून तिथलं सुएनावाल लॉख 67 मीटरच्या आसपास खोल, पण मी फिरतोय ते बार्व्हसचं माळरान, तिथे सगळं बशीसारखं पसरट आणि त्यावर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या थराची, चादर. लोकांना वाटतं की एवढी दलदल म्हणजे पाऊस प्रचंड असणार. नाही हो. स्टॉर्नोवेला वर्षाला साधारण 1,200 मिलिमीटर, आपलं महाबळेश्वर एका जुलैत याच्या पुढे जातं. फरक असा की इथे पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो, आणि भर उन्हाळ्यात दुपारी 16 डिग्री, त्यामुळे पाणी उडून जातच नाही. स्फॅग्नम शेवाळ कुजत नाही, थरावर थर चढत जातो, आणि हजारो वर्षांनी माणूस त्यात कमरेपर्यंत जाऊ शकतो. जाण्याचा रस्ता म्हणजे पेंटलंड रोड, स्टॉर्नोवेहून कार्लोवेकडे माळ कापत जाणारा, आधी रेल्वेसाठी आखलेला म्हणून चढ-उतार अगदी सौम्य. एकच लेन आहे, समोरून गाडी आली की पासिंग प्लेसमध्ये घुसायचं आणि हात दाखवायचा, हात नाही दाखवला तर तुम्ही टुरिस्ट.

तळाचा प्रश्न. पीटच्या तळ्यात तळ म्हणजे नक्की कुठे हेच ठरवता येत नाही. पाणी संपतं, मग पेजेसारखा काळा गाळ सुरू होतो, तो हळूहळू घट्ट होतो, आणि कुठेतरी खाली दगड. टोकदार शिसं सोडलं तर ते गाळात शांतपणे उतरत राहतं, दोरी सैल पडतच नाही, हाताला काही कळत नाही. फेकायचा सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र, त्याचा आवाज गाळाच्या वरच्या थरावरूनच परत येतो, आणि पाणवनस्पती असतील तर त्यांच्या शेंड्यालाच तळ म्हणतो. म्हणून आता मी दोन दोऱ्या वापरतो. एकीला स्टीलची छोटी ताटली, मध्ये भोक पाडून आडवी लटकेल अशी, खाली दोनशे ग्रॅमचं वजन अगदी चिकटून. ती गाळावर येऊन बसते. दुसरीला टोकदार शिसं. एकाच जागी दोन्ही सोडायच्या, दोन आकडे लिहायचे. पेंटलंड रोडच्या उत्तरेला एक बिननावाचं तळं आहे, तिथे मधोमध ताटली 2.4 वर बसली आणि शिसं 3.3 पर्यंत गेलं. म्हणजे जवळजवळ एक मीटर मऊ गाळ, आणि त्याच्याखाली काय ते शिशालाही माहीत नाही.

ताटलीला वरून पांढरा रंग दिलाय, त्यामुळे सेकी डिस्कचं (पाण्यात किती खोलवर दिसतं ते बघायची तबकडी) कामही तीच करते. त्याच तळ्यात 1.3 मीटरला दिसेनाशी झाली, आणि जाताना आधी पिवळी, मग तांबूस, मग गडद विटकरी होत होत गेली. हा रंग गढूळपणाचा नाही बरं का, ग्लासात घेतलं तर पाणी स्वच्छ पारदर्शक, फक्त पीटमधल्या ह्युमिक आम्लांनी रंगलेलं.

दोरी नायलॉनची घेऊ नका, ओली झाली की ताणते. विणलेली पॉलिएस्टर घ्या आणि दर अर्ध्या मीटरला रंगीत दोरा शिवून टाका, मार्करच्या खुणा तिथल्या पाण्यात टिकत नाहीत.

वारा हा वेगळाच विषय. झाड नाही, आडोसा नाही, आणि पॅकराफ्ट म्हणजे फुगलेली पिशवीच. वल्हवत एका जागी थांबून मोजणं विसरा. मी वाऱ्याच्या बाजूच्या काठावर जातो, मागे पाण्यात ड्रोग (बोटीचा वेग कमी करणारी कापडी पिशवी) सोडतो आणि वाऱ्यालाच नेऊ देतो, ठराविक अंतराने दोरी, फोनवर जीपीएसचा ठिपका, समोरचा काठ आला की उतरून पायी परत. एका ओळीला वेळ लागतो पण ओळी सरळ येतात. उतरताना मात्र काठ बघून, कारण वाऱ्याच्या मारावरच्या बाजूला लाटांनी पीट खालून पोखरलेला असतो, वरून गवत मस्त हिरवंगार आणि खाली हवा. दगडगोटे दिसतील तिथेच उतरा.

सगळं सप्टेंबरात केलं आणि ते मुद्दाम. लाल गळ्याचा डायव्हर पक्षी अशाच चिमुकल्या तळ्यांच्या काठावर घरटं करतो (मासे पकडायला मात्र समुद्रावर जातो, हे मला फार आवडतं) आणि घरट्याजवळ त्याला त्रास देणं कायद्याने गुन्हा आहे. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने माळावर आणि पाण्यावर फिरायचा हक्क सगळ्यांना आहे पण जबाबदारीने, म्हणजे मे ते ऑगस्ट लहान तळ्यांवर बोट नको. शिवाय सप्टेंबरात मिज, म्हणजे चावणारी बारीक चिलटं, कमी होतात. ज्याने मिज खाल्लेत त्याला वेगळं सांगायला नको, अक्षरशः खाल्लेत, श्वासाबरोबर.

दुसरा नियम मी स्वतःला घातलाय तो बेटुकल्यांचा. तळ्यात काठाजवळ गोल, दगडी, संशय येण्याइतकं नीटनेटकं बेट दिसलं की त्याच्या आसपास वजन सोडायचं नाही. ख्रिस मरे नावाच्या माजी नौदल पाणबुड्याला 2012 मध्ये लुईसच्या लॉख आर्निशमध्ये अशाच एका बेटाभोवती तळावर मातीची भांडी सापडली, मग आणखी तळी तपासली, आणि 2019 मध्ये पुरातत्त्ववाल्यांनी प्रसिद्ध केलं की अशी काही बेटं माणसांनी बांधलेली आहेत आणि नवाश्मयुगातली आहेत, पाच हजार वर्षांहून जुनी. त्या आधी बहुतेकांची समजूत होती की ती लोहयुगातली वगैरे. तर माझ्या नकाशात अशा जागी कोरा गोल आहे, तो डेटा राहिलेला नाही, सोडलेला आहे.

रविवारी काम बंद. स्टॉर्नोवेहून रविवारची फेरी 2009 पासून सुटते हे खरं, पण बेटावर अजून बरेच लोक तो दिवस धर्माने विश्रांतीचा म्हणून पाळतात आणि आपण पाहुणे, म्हणून मी खोलीत बसून आकडे टाइप केले. सोमवारी रस्त्याकडेला एक आजोबा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वाळलेल्या पीटच्या विटा भरत होते, त्यांनी राफ्ट बघून विचारलं आणि मग एका तळ्याकडे बोट दाखवून म्हणाले त्याला तळ नाही. मला लगेच आपल्याकडचं आठवलं, सात बाजांची सुंभं सोडली तरी ठाव लागत नाही! तिथे जाऊन मोजलं, सगळ्यात खोल जागी ताटली 1.9. परतताना त्यांना सांगितलं तर म्हणाले, मग तुमची दोरी अडकली असेल. शिसं गाळात आणखी कुठवर गेलं ते बघता आजोबा तसे अगदीच चूक नव्हते.

आता अडलंय ते इंटरपोलेशनवर, म्हणजे मोजलेल्या ठिपक्यांच्या मधली खोली अंदाजाने भरण्यावर. काठाला शून्य धरून टीआयएन (ठिपके जोडून त्रिकोणांचं जाळं) केलं की उथळ तळ्यात कडेला खोटे उतार येतात, कारण पीटचा काठ उतरत नाही, सरळ तुटतो, पहिल्याच पावलाला 80 सेंटीमीटर. काठापासून एक फुटावर खोट्या पॉइंटांची रांग टाकून बघतोय, ठीकठाक येतंय पण मनासारखं नाही. तुमच्यापैकी कोणी खाणीतली तळी किंवा सरळ भिंतीच्या बारवा मोजल्या असतील तर काठाला कसं हाताळलंत ते सांगा. आणि ताटलीला किती भोकं पाडावीत तेही, माझी उतरताना पतंगासारखी गोते खाते.