एबेल २७४४ : मॅग्निफिकेशनच्या एका रकान्यासाठी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी एबेल २७४४ हा दीर्घिकासमूह घेतला. त्याच्याआडच्या अंधूक, आदिम दीर्घिका शोधायच्या होत्या. हबल आणि जेम्स वेबच्या प्रतिमा सगळ्यांना खुल्या आहेत. फाइली अवाढव्य, म्हणून डाउनलोड रात्री लावा. निळ्या फिल्टरमध्ये गायब आणि लाल फिल्टरमध्ये दिसणारे ठिपके वेचणं, त्यांची ताम्रसृती (प्रकाश लालकडे किती सरकलाय, म्हणजेच अंतराचा अंदाज) काढणं, सगळं भराभर उरकलं.

अडलं ते मॅग्निफिकेशनपाशी.

समूहाच्या वस्तुमानाने मागचा प्रकाश वाकतो आणि मागची दीर्घिका मुळापेक्षा तेजस्वी दिसते. किती पट, ते कळल्याशिवाय तिचं खरं तेज सांगता येत नाही. या समूहाच्या वस्तुमानाची मॉडेल्स, म्हणजे नकाशे, बऱ्याच गटांनी जाहीर केलेत. माझा एक ठिपका मी एकेका नकाशात बघत गेले. एकात ८ पट, दुसऱ्यात २० पट! तेजस्वितेत हा एका प्रतीचा (म्हणजे सुमारे अडीच पट) फरक. तक्त्यात लिहायचं काय?

कारण गणितातच आहे. कप्पा (κ) म्हणजे त्या जागी वस्तुमान किती दाट, गॅमा (γ) म्हणजे प्रतिमा किती ताणली जाते. एक वजा कप्पा, त्याचा वर्ग. त्यातून गॅमाचा वर्ग वजा करायचा आणि उत्तराने एकाला भागायचं. क्रिटिकल कर्व्हजवळ, म्हणजे मॅग्निफिकेशन प्रचंड होतं त्या रेषेजवळ, हा छेद शून्याकडे जातो. माझा ठिपका नेमका तिथेच, एका लंबगोल दीर्घिकेच्या कडेला चिकटलेला. एक पिक्सेल सरकलं की आकडा बदलायचा. (त्या दीर्घिकेचा प्रकाश आधी वजा करून घ्या, नाहीतर फोटोमेट्री, म्हणजे तेजाची मोजणीच चुकते.)

त्यात एका नकाशावर तो कोणत्या ताम्रसृतीसाठी आहे, हेच लिहिलेलं नव्हतं. बनवणाऱ्यांना मेल केली. उत्तर यायला सत्र संपत आलं. दोन ओळींच्या माहितीसाठी विद्यार्थ्याला इतकं ताटकळत ठेवणं मला आजही पटत नाही. तयार मॅग्निफिकेशनचा नकाशा वापरूच नका. कप्पा आणि गॅमाचे नकाशे घ्या, त्यांतले आकडे आपल्या दीर्घिकेच्या अंतराच्या प्रमाणात बदलून घ्या आणि आकडा स्वतः काढा.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "अगं, जुळी प्रतिमा शोधलीस का?" समूह भिंगासारखा वागतो; त्या भिंगातून एकाच दीर्घिकेच्या दोन-तीन प्रतिमा पडतात, आणि त्या कुठे पडतील ते प्रत्येक मॉडेल सांगतं. एका मॉडेलने दाखवलेल्या जागी रिकामं आकाश निघालं. दुसऱ्याने दाखवलेल्या जागेजवळ तसाच लाल, फिकट ठिपका, प्रत्येक फिल्टरमध्ये तोच रंग! त्या दिवशी मी जेवायचीही विसरले.

तरी एकच आकडा लिहिला नाही. जुळी प्रतिमा बरोबर सांगणाऱ्या मॉडेलच्या सगळ्या आवृत्त्यांमधून मधला आकडा आणि दोन्ही बाजूंची मर्यादा दिली. याच समूहाआडच्या ८ अतिशय अंधूक दीर्घिकांचे वर्णपट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या विश्वातल्या हायड्रोजनचं आयनीभवन (अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटणं) अशा लहान दीर्घिकांनी घडवलं, या मताला त्यातून बळ मिळालं. तो हिशेबही मॅग्निफिकेशनवरच उभा आहे. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलं बोट त्याच रकान्यावर ठेवलं, आणि मी जुळ्या प्रतिमेचं पान उघडून दाखवलं.