एक वाजताची नोंद

पहाटेचे पावणेसहा वाजले आहेत. काकांना ऑपरेशन थिएटरमधून दुसऱ्यांदा परत आणले आहे आणि टॉर्चच्या उजेडात त्यांच्या तोंडात बसवलेला कातडीचा तुकडा, म्हणजे फ्लॅप, पुन्हा गुलाबी दिसतो आहे.

कर्करोगामुळे जिभेचा डावा अर्धा भाग काढावा लागला, तिथे त्यांच्याच डाव्या मनगटाकडची कातडी, तिला रक्त पुरवणाऱ्या रेडियल धमनीसकट आणि शिरांसकट, बसवलेली आहे. ती धमनी काढून घेतल्यावर पंजा उरलेल्या अल्नर धमनीवर तगेल ना, हे आधी मनगटाशी दोन्ही धमन्या दाबून, मग अल्नर तेवढी सोडून, तळहात किती लवकर लाल होतो त्यावरून ठरवतात. चिनी सर्जनांनी १९८१ साली या फ्लॅपची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून जुनी मंडळी त्याला अजूनही ‘चायनीज फ्लॅप’ म्हणतात. मानेतल्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या रक्तवाहिन्यांशी तो सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने जोडतात. टाके कितीही सुरेख पडले तरी पहिले दोन-तीन दिवस जिवाला घोर असतोच, आणि पहिल्या रात्री दर तासाला कोणीतरी बोट लावून पाहायचे असते. काल ती पाळी माझी होती.

एक वाजता मी फ्लॅपवर बोट दाबून उचलले. पांढरा पडलेला ठिपका झटकन भरून आला आणि मला, खरे सांगायचे तर, बरेच वाटले. मी तक्त्यात ‘ठीक’ लिहिले. रक्त आत येते आहे पण शिरेतून बाहेर पडत नाही, तेव्हाही रंग असाच घाईने परततो, दोन सेकंदांऐवजी एकाच्या आत, हे मी परीक्षेत लिहून आलेलो आहे. दोन वाजता फ्लॅपच्या कडेला जांभळट झाक होती. सुई टोचताच काळपट रक्ताचा थेंब तत्काळ वर आला. मी सरांना फोन लावला. सव्वातीनला मानेचे टाके उघडले तेव्हा शिरेत गुठळी होती. ती काढून शीर पुन्हा जोडली. धमनी शाबूत होती, आणि अशा वेळी लवकर उघडले तर फ्लॅप बहुधा वाचतो. सर एक वाजताच्या नोंदीबद्दल काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. नोंद मी खोडलेली नाही, खोडायचीही नसते.

काकांच्या गळ्यात श्वासाची नळी आहे, त्यामुळे बोलणे पाटीवर चालते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी उजव्या हाताने लिहिले, “हातावर केस होते. आता जिभेवर येणार?”

“थोडे येतील, काका. पुढे रेडिएशन घ्यावे लागले तर त्याने बहुतेक गळतील.”

त्यांनी पाटी पुसली आणि लिहिले, “दाढीबरोबर तेही करतो.”

सहाची तपासणी आहे. उठतो.